उत्रेश्वर फेटेवाल्याचा परदेशी फोन

एका गावात एक भोळा फेटेवाला होता. नाव त्याचं उत्रेश्वर. त्याच्या फोनची भानगड सुरू झाली ती मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, हिंगणवाडीच्या एस.टी. थांब्यावर.

तशी भानगड त्याच्या मागं जन्मापासूनच होती. देवानं त्याच्या हातात कला दिली होती, आणि द्यायचं ते सगळं हातातच देऊन टाकलं होतं. डोक्यासाठी मागं काही उरलं नाही. दुसऱ्यांची डोकी मात्र तो अशी सजवायचा की बघत राहावं. लग्न असो, जत्रा असो, गावोगावची माणसं त्याला बोलवायची.

फक्त सांगताना जपून सांगावं लागायचं. एकदा सरपंच म्हणाले, "उत्रेश्वर, असा घट्ट बांध की दिवसभर सुटता कामा नये." त्यानं तसा बांधला. संध्याकाळी सरपंच घरी गेले आणि फेटा काढू लागले. फेटा निघेना. शेवटी कात्री आणली. सरपंच रागावले, "अरे, सैल बांधत जा!" उत्रेश्वर म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी पाटलांच्या नवरदेवाचा फेटा वरातीत नाकापर्यंत आला, आणि घोडं कुठं चाललंय ते नवरदेवाला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

उत्रेश्वर एकदा "बरं" म्हणाला की सांगितलेलं विसरायचा नाही. तिथंच तर सगळी गोम होती.

त्याची बायको वैजयंता. सगळं गाव तिला वैजू म्हणायचं. वैजू हुशार होती, पण काळजीखोर. दूध उतू जाईल का, पोरगी पडेल का, नवरा हरवेल का, अशा तीन चुली तिच्या छातीत कायम पेटलेल्या. पोरगी ओवी चार वर्षांची. तिला कमी ऐकू यायचं. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कानाला मशीन लावा म्हणजे पोरगी नीट बोलायला लागेल, शाळेत बसेल. उशीर करू नका. मशीनची किंमत ऐकून वैजूलाच काही ऐकू येईनासं झालं होतं.

आणि तेवढ्यात बहारीनचं बोलावणं आलं.

गायधनीसाहेब म्हणून कुणी बडे गृहस्थ, मूळचे आपल्याच भागातले, आता तिकडं कारखानदार. त्यांच्या मुलाचं लग्न. त्यांना वऱ्हाडाच्या डोक्याला गावाकडचेच फेटे हवे होते, आणि ते उत्रेश्वरच्याच हातचे. त्यांनी तिकीट पाठवलं. बिदागी अशी कबूल केली की तेवढ्यात ओवीचं मशीन आलं असतं.

गावात बोभाटा झाला, उत्रेश्वर दुबईला चालला. बहारीन आणि दुबई वेगळं, असं वैजूनं चारदा सांगून पाहिलं. पण गावाच्या लेखी विमानानं गेला तो दुबईलाच गेला.

जायच्या आधी त्याच्यासाठी नवं सिम घेतलं. बिल मागनं येतं तसलं. सिमवाला म्हणाला, "हे परदेशात चालतं. पॅक मी चालू करून देतो, तुम्ही निवांत जा." मशीनवर अंगठा मागितला. उत्रेश्वरचा अंगठा काही उमटेना. फेट्याला पीळ देऊन देऊन रेषा गुळगुळीत झालेल्या. सिमवाला म्हणाला, "वहिनी, तुमचा लावा." वैजूनं लावला. असा फोन नवऱ्याच्या खिशात गेला आणि जबाबदारी बायकोच्या नावावर आली. आपल्याकडं बरंच काही असंच चालतं, तेव्हा तिला त्यात वावगं वाटलं नाही.

तर मंगळवारी सहा वाजून दहा मिनिटांनी मुंबईची गाडी लागली. उत्रेश्वरला फोनवर बोलायची सवय नव्हती. वैजू "अहो ऐका" म्हणेपर्यंत हा फोन कट करायचा. म्हणून पायरीवर चढता चढता तिनं बजावलं.

"माझं बोलणं पुरं झाल्याबिगर फोन ठेवायचा नाही. ठेवला तर याद राखा."

"बरं."

"आणि परक्या मुलखात कुणाशी वाद घालू नका. कुणी काही विचारलं तर हो म्हणून मोकळं व्हायचं."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला. वाहकानं विचारलं, "बार्शी का?" उत्रेश्वर म्हणाला, "हो." वाहकानं बार्शीचं तिकीट फाडलं. वैजूनं खिडकीतून ओरडून ते बदलून घेतलं, म्हणून तो मुंबईला तरी पोचला.

बुधवारी तो बहारीनला उतरला. वैजूनं आपल्या तडा गेलेल्या फोनवरनं फोन लावला.

"पोचलात का? जेवलात का? हे बघा, आता महत्त्वाचं सांगते, नीट ऐका. महत्त्वाचं म्हणजे—"

एवढ्यात ओवी ओट्यावरनं खाली आली. चालत नव्हे, घरंगळत. वैजूनं फोन डाळीच्या डब्यावर टाकला आणि धावली. पोरीला उचललं, गप्प केलं, हळद लावली. मग दूध उतू गेलं. मग शेजारच्या शकूमावशी आल्या. मग शेंगा फोडायच्या राहिल्या होत्या त्या फोडल्या. फोन डब्यावर पडून राहिला.

दिवेलागणीला किती वाजले बघायला वैजूनं फोन उचलला. आतनं आवाज आला, "हं, मग?"

वैजू दचकली. "कोण?"

"मी उत्रेश्वर. महत्त्वाचं म्हणजे काय?"

"अहो, तुम्ही अजून फोनवरच आहात?"

"तुझं बोलणं कुठं पुरं झालं होतं? चार्जर लावून बसलोय. शकूमावशीच्या सुनेचं ऐकून वाईट वाटलं. पण मावशी मला येडं म्हणत होत्या, ते काय बरं नाही."

शकूमावशी दारातच होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हळूच घरी गेल्या.

"आता तरी सांग," उत्रेश्वर म्हणाला. "महत्त्वाचं म्हणजे काय?"

वैजू रडकुंडीला आली. "महत्त्वाचं म्हणजे, तिकडं आलेल्या फोनलासुद्धा पैसे पडतात, तर जास्त बोलत बसू नका. हे सांगणार होते मी!"

"मग सकाळीच सांगायचं."

वैजूनं कपाळावर हात मारला. "असं पाल्हाळ लावायचं नाही. एका फोनला एक गोष्ट. सांगायची आणि लगेच ठेवायचा."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला आणि लगेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू ओवीला न्हाऊ घालत होती. फोन वाजला. हात पुसून उचलला.

"वैजू," उत्रेश्वर म्हणाला. आणि कट.

पुन्हा वाजला. "मी उत्रेश्वर." कट.

पुन्हा वाजला. "उठलो." कट.

वैजूनं ओवीच्या डोक्यावरचा साबण धुवेस्तोवर "आंघोळ केली" येऊन गेलं. पोरीला टॉवेलात गुंडाळलं तेव्हा "नाष्ट्याला पाव होता" आला. वेणी घालताना "पाव कडक होता" आला. वैजू "अहो" म्हणायची, पण "अ" म्हणेस्तोवर तिकडं फोन ठेवलेला असायचा. एका फोनला एकच गोष्ट. आणि तिकडचा नियम असा की तुम्ही एक शब्द बोला नाहीतर मिनिटभर बोला, पैसे पुऱ्या मिनिटाचे. भेळ एक चमचा खाल्ली तरी बिल अख्ख्या प्लेटचं, तसं.

शकूमावशी भिंतीपलीकडनं म्हणाल्या, "काय गं वैजे, तुझा नवरा भजनाला बसल्यागत टाळ वाजीवतोय. ट्रिंग अन् बंद. ट्रिंग अन् बंद."

दुपारी "लाल फेटे मोजले" आणि "भगवे मोजायचेत" यांच्या मधे वैजूनं त्याला गाठलं. फोन लागल्या लागल्या ती ओरडली, "ठेवू नका!"

तो थांबला.

"फोन करायचाच नाही आता. एक शब्द बोलायचा नाही. काय असेल ते फोटो काढून दाखवायचं. कळलं?"

तिकडनं उत्तर आलं नाही.

"कळलं का म्हणते!"

तेवढ्यात तिच्या फोनवर एक फोटो आला. उत्रेश्वरचा. मान हलवताना काढल्यामुळं हललेला.

त्या दिवसापासून उत्रेश्वरनं तोंड मिटलं. गायधनीसाहेबांनी विचारलं, "काय उत्रेश्वर, झोप झाली का?" त्यानं साहेबांना उशीचा फोटो दाखवला. गायधनीबाईंनी विचारलं, "जेवणात काही कमी नाही ना?" त्यानं त्यांना कडक पाव दाखवला. बाई साहेबांना म्हणाल्या, "कलावंत माणसं अशीच असतात हो."

घरी दाखवायचं तर तो जास्तच मनावर घेऊन दाखवू लागला. फेट्याचा फोटो काय काढायचा, त्यात पीळ कुठं दिसतो? म्हणून तो पहिल्या वेढ्यापासून तुऱ्यापर्यंत अख्ख्या फेट्याचा व्हिडिओ काढायचा आणि वैजूला पाठवायचा. हळदीच्या दिवशीचे सगळे फेटे पाठवले. मग वाटलं, मागनं कसे दिसतात ते राहिलं. मग मागनं पाठवले. शेमले वेगळे पाठवले.

तेव्हा त्याच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला. लांबलचक आणि इंग्रजी. मजकूर असा होता की बाबा रे, तुझी मर्यादा संपली, आता पुढं वापरशील तर पैसे फार पडतील, चालू ठेवायचं असेल तर एक दाब. उत्रेश्वरला त्यातला एकच आकडा वाचता आला. त्याला वाटलं, कुणीतरी काहीतरी विचारतंय. आणि विचारलं की हो म्हणून मोकळं व्हायचं, वाद घालायचा नाही, हे तर गाडीच्या पायरीवरच ठरलेलं. त्यानं एक दाबला. कंपनीनं आभार मानले. तेही इंग्रजीत.

इकडं शकूमावशींचे जावई आले होते. ते कुवेतला राहून आलेले. वैजूच्या फोनवर शेमले बघून ते उठूनच बसले. "अहो वहिनी, तिकडं हे इंटरनेट सोन्याच्या भावानं असतंय! वायफाय असतं भिंतीवर, डबी असती बघा, लाईट लुकलुकणारी. ते असंल तरच फोन वापरा म्हणावं. नाहीतर जमीन विकाल."

जमीन नव्हतीच. पण वैजूच्या डोळ्यापुढं ओवीच्या कानाचं मशीन आलं आणि ते हळूहळू लांब जायला लागलं. तिनं फोन लावला.

"ऐकताय का? बोला आता, बोललेलं चालेल. तिथं भिंतीवर वायफायची डबी आहे का?"

"आहे. लुकलुकतीय."

"ती सोडून कुठंही फोन वापरायचा नाही. वायफाय सोडायचं म्हणून नाही!"

"बरं."

रात्री उत्रेश्वर उतरला होता त्या हॉटेलातल्या कुणाचंच इंटरनेट चालेना. सकाळी म्यानेजर शिडी घेऊन हिंडत होता. भिंतीवर चार भोकं होती आणि डबी नव्हती.

डबी उत्रेश्वरच्या छातीवर होती. त्यानं ती भगव्या फेट्यात गुंडाळून गळ्यात बांधली होती, लेकरू बांधावं तशी. वायर मागं लोंबत होती. त्याच थाटात तो लग्नाच्या हॉलवर गेला आणि तिथनं वैजूला चेहरा दाखवत फोन लावला.

"अहो, ते छातीला काय बांधलंय?"

"वायफाय. तू म्हणालीस ना, सोडायचं नाही. झोपतानासुद्धा सोडलं नाही. लाईट तेवढी लुकलुकायची थांबलीय, पण मी आहे ना संगं."

भिंतीवरनं काढलेली डबी म्हणजे विहिरीतनं काढलेला पोहरा. पोहऱ्यात कुठला झरा? फोन बिचारा आपलं सोन्याच्या भावाचं इंटरनेट पीत राहिला. गायधनीसाहेबांनी म्यानेजरची माफी मागितली. म्यानेजरला फेटा बांधला तेव्हा कुठं मिटलं.

वैजू म्हणाली, "अहो, परक्याची वस्तू ती! ज्याची वस्तू त्याला विचारल्याबिगर कशाला हात लावायचा नाही. शपथ आहे ओवीची!"

ओवीची शपथ आल्यावर उत्रेश्वरचा चेहरा गंभीर झाला. "बरं," तो म्हणाला.

लग्नाचा दिवस उजाडला. पाहुणे फेट्यासाठी रांगेत बसले. उत्रेश्वर प्रत्येकाला विचारू लागला, "हे डोकं तुमचंच का?" पाहुणा म्हणायचा, "हो." "हात लावू?" "लावा." मग तो बांधायचा. एका टकलू काकांना वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. "माझा नंबर लिहून घे, मला याचा जाब हवाय," म्हणत ते उठूनच गेले. पण बाकीच्यांना मौज वाटली. फेटे असे देखणे झाले की जो तो म्हणायचा, भाऊ, आमचा नंबर घे, आमच्याही घरी लग्न आहे. उत्रेश्वर सगळ्यांचे नंबर फोनमधे घालून घ्यायचा. फोन भरला. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाट धरला. आणि नवरदेवाचा फेटा उजवीकडं कलू लागला. हळूहळू. तुरा खाली आला, शेमला पुढं आला. नवरदेवानं डोळे वटारून उत्रेश्वरकडं पाहिलं.

उत्रेश्वर जवळ गेला. कानात म्हणाला, "हे डोकं तुमचंच का?"

भटजींनी नवरदेवाला सांगितलं होतं, अंतरपाट दूर होईपर्यंत बोलायचं नाही. नवरदेव बोलला नाही. आता आली का पंचाईत. मालक बोलत नाही आणि पोरीची शपथ आहे. उत्रेश्वरनं तिथंच, "शुभमंगल" चालू असताना, हिंगणवाडीला फोन लावला.

"वैजू, नवरदेवाचा फेटा पडतोय. आणि नवरदेव हो म्हणत नाही. कुणाला विचारू?"

मागनं मंगलाष्टकांचा आवाज येत होता. वैजूला सगळं दिसल्यासारखं झालं. फेटा पडला, अपशकुन झाला, साहेब चिडले, बिदागी गेली, मशीन गेलं, पोरगी तशीच राहिली.

"सावरा आधी!" ती किंचाळली. "सावरा! काम नासत असलं तर विचारत बसायचं नाही!"

उत्रेश्वरनं एका हातानं सावरला. एकाच पिळात असा बसवला की "सावधान"ला तुरा सरळ उभा. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. साहेब खूश. बिदागी पुरी मिळाली, वर शालही.

उत्रेश्वर घरी आला. वैजूनं बिदागी देवापुढं ठेवली आणि ओवीला उचलून नाचली. उद्या बार्शीला जायचं, मशीन आणायचं.

त्या उद्याच्या आधी बिल आलं.

वैजूनं ते दोनदा वाचलं. मग शकूमावशींच्या जावयांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, आणि पुन्हा पुसून वाचलं. बिदागी देवापुढं होती, बिल हातात होतं, आणि दोन्ही जवळजवळ सारखीच होती. बिलच चार पावलं पुढं.

"सिमवाल्यानं पॅक चालू केलंच नव्हतं," जावई म्हणाले. 

वैजू सिमवाल्याकडं गेली. सिमवाला म्हणाला, "मी नुसतं विकतो वहिनी, वापरणाऱ्याची जबाबदारी." कंपनीला फोन लावला. गोड आवाजाची बाई म्हणाली, "तिकडच्या कंपनीनं जेवढं कळवलं तेवढं आम्ही लावलं." मग तिकडच्या कंपनीला कोण विचारणार? "ते तुम्हीच विचारा, म्याडम." म्हणजे अजून एक परदेशी फोन! बिल करायला सगळे होते, भरायला एकटी वैजू. अंगठा तिचा होता ना.

वैजू रात्रभर तळमळली. सकाळी तिनं ओवीला कडेवर घेतलं, बिदागी पदराला बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला बार्शीला. कंपनीच्या हापिसात जाऊ. आणि एक लक्षात ठेवा. तिथं तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी सांगेपर्यंत एक अक्षर नाही."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला, आणि ओठ मिटले. गाडीत तिकीटसुद्धा वैजूनंच मागितलं.

हापिसात गारेगार हवा आणि काचेची टेबलं. टायवाला साहेब बिल बघून म्हणाला, "ताई, आम्ही मेसेज पाठवला होता. मर्यादा संपल्याचा. तुमच्याकडनं एक दाबून होकार आलाय."

"कुठल्या भाषेत पाठवला होता?"

"इंग्रजीत. सिस्टिमच तशी आहे."

"सिम विकताना मराठीत बोललात," वैजू म्हणाली. "अंगठा घेताना मराठीत गोड बोललात. बिल भरा म्हणून सांगताय, ते मराठीत. अन् नेमकं खड्डा आहे पुढं, हे सांगायला इंग्रजी सुचली व्हय तुम्हाला?"

साहेब उत्रेश्वरकडं वळला. "तुम्ही सांगा दादा, फोन तुम्हीच वापरलात ना?"

उत्रेश्वरनं वैजूकडं पाहिलं. तिनं सांगितलं नव्हतं. तो गप्प.

"दादा, मेसेज वाचला होता का?"

गप्प. नुसते डोळे मोठे.

तेवढ्यात ओवी कडेवरनं उतरली. टेबलावर दाखवायचे फोन मांडून ठेवले होते. तिनं एक कानाला लावला. तिला काही ऐकू येईना. मग तिनं आवाज वाढवला. पुरा वाढवला. तरी येईना. मग दुसरा घेतला, तोही पुरा. मग तिसरा. एका फोनवर ढोल, एकावर बाईचं गाणं, एकावर क्रिकेट. सगळं हापीस दणाणलं. रांगेतली माणसं कानावर हात ठेवून बाहेर पळाली. आणि ओवी मधे उभी राहून हसत म्हणाली, "आई, कायी वाजत नाई!"

साहेब ओरडला, "अहो, तिला सांगा, बंद कर!"

"तिला ऐकू येत नाही, साहेब," वैजू म्हणाली. पदराची गाठ तिनं मुठीत धरली होती. "तिच्या कानाचं मशीन आणायचे पैसे हे. तुम्हाला द्यायचे का तिला, तेवढं सांगा. मी इथंच बसते." आणि ती फरशीवर मांडी घालून बसलीच.

साहेबानं तिघांकडं पाहिलं. पोरीला ऐकू येत नाही, बापाला बोलता येत नाही, आणि बाईला गप्प बसता येत नाही. ढोल वाजतच होता. त्यानं वर कुठंतरी फोन लावला, बराच वेळ "सर, सर" केलं, आणि घाम पुसत म्हणाला, "ठीक आहे. पॅक चालू झालं असतं तर जेवढे पैसे पडले असते, तेवढेच भरा. बाकी माफ. पण ही शेवटची वेळ हं ताई. पुन्हा असं बिल आलं तर माझ्या हातात काही नाही."

वैजूनं तेवढे भरले. उरलेले मोजले. मशीनपुरते होते.

बाहेर आल्यावर तिनं आभाळाकडं बघून हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं ऐकणं कामाला आलं होतं. तिला त्याचं कौतुकच वाटलं. समोरच कानाच्या मशीनचं दुकान होतं.

"तुम्ही इथं पायरीवर बसा," ती म्हणाली. "आणि आता बोला, काय बोलायचं ते मनसोक्त बोला. आपल्यावर आली ती दुसऱ्या कुणावर यायला नको. सगळ्यांना सांगा, परदेशात फोन वापरायचा तर आधी पॅक चालू आहे का बघावं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगा. जे विमानानं ये-जा करतात, त्यांना तर आधी सांगा."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला.

वैजू आनंदात होती. म्हणून तिला ते "बरं" ऐकून धडकी भरली नाही.

दुकानात गोरटेले डॉक्टर होते. त्यांनी ओवीच्या कानाचं माप घेतलं, एवढंसं मशीन कानामागं बसवलं, बारीक चक्र फिरवलं. ओवी थिजल्यासारखी बसली. पंखा फिरत होता, तिनं वर पंख्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी कागद चुरगळला, तिनं कागदाकडं पाहिलं. वैजू तिच्या मागं जाऊन उभी राहिली. ती अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाली, "ओवी?"

ओवी वळली. आईकडं बघून हसली. मग तिनं मान तिरकी केली आणि दाराकडं बोट केलं.

"बाबा," ती म्हणाली.

"बाबा काय, बाळा?"

"बाबा बोलतात."

"बोलू दे. काय बोलतात?"

ओवीनं नीट कान दिला. मशीन चांगलं होतं. एकेक अक्षर ऐकू येत होतं.

"बाबा म्हणतात," ओवी म्हणाली, "हॅलो, बहालीन का?"

वैजू उठली ती दारातच आली. उत्रेश्वर पायरीवर मांडी घालून बसला होता. फोन कानाला. बहारीनच्या लग्नात ज्यांनी ज्यांनी नंबर दिले होते, त्या सगळ्यांना तो ओळीनं फोन लावत होता.

"हॅलो, बहारीन का? मी उत्रेश्वर." कट.

"हॅलो, बहारीन का? मीच. परदेशात फोन वापरू नका." कट.

"हॅलो, पुन्हा मीच. फार बिल येतं." कट.

एका फोनला एक गोष्ट. त्यातनं टकलू काका सापडले. ते त्या दिवशीच्या चेष्टेचा जाब विचारू लागले. त्यांचं बोलणं पुरं होईना, म्हणून त्यांचा फोन मात्र त्यानं ठेवला नाही. आणि मधेच कंपनीचा एक लांब इंग्रजी मेसेज आला. वैजू ओरडेपर्यंत त्यानं एक दाबला होता.

"अहो!"

उत्रेश्वरनं एक हात वर केला. "थांब वैजू, काकांचं चाललंय. आणि अजून नवरीकडचे सगळेच राहिलेत."

तर मंडळी, परदेशात फोन नेणार असाल तर आधी पॅक चालू आहे का, ते स्वतःच्या डोळ्यानं बघा. आणि ही गोष्ट पुढच्याला जरूर सांगा. पण समोर बसवून सांगा. आणि काही झालं तरी, पुढं सांगायचं काम उत्रेश्वरला देऊ नका.